धागा: कडक उन्हात जिवाणू एकमेकांना काय सांगतात?

मांडवीकाठ

मे महिन्यात भर दुपारी गोव्यात अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवरची ही सगळ्यात वरची पायरी. त्या वेळी मिरामारच्या वाळूवर माणूस थांबत नाही. पण समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण दहा लाख जिवाणू असतात, भाताच्या पातीवर, आंब्याच्या पानावरही असतात, आणि त्यांना सावलीत पळता येत नाही. मग ते जगतात कसे?

माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र. वर्गात हा भाग शिकवताना क्रमिक पुस्तक डीएनएच्या दुरुस्तीपाशी थांबतं. त्यापुढची गोष्ट, म्हणजे जिवाणूंच्या रासायनिक संदेशांचा यात काय वाटा आहे, ती राहूनच जाते. मला तीच जास्त महत्त्वाची वाटते, म्हणून हा धागा.

आधी नुकसान काय होतं ते बघू. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत यूव्ही-ए साधारण ९५ टक्के असतं, उरलेलं यूव्ही-बी. सगळ्यात घातक यूव्ही-सी वरच्या हवेत आणि ओझोनमध्ये अडून राहतं. यूव्ही-बी थेट डीएनएवर घाव घालतं: साखळीत शेजारी असलेले दोन थायमिन एकमेकांना चिकटतात आणि डीएनएची नक्कल काढणारी यंत्रणा तिथे अडते. यूव्ही-ए चं वागणं वेगळं. डीएनए ते फारसं शोषत नाही. पेशीतल्या फ्लेविन, पॉर्फिरिन अशा रेणूंना ते चेतवतं, आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड, सुपरऑक्साइड, सिंग्लेट ऑक्सिजन तयार होतात. ही ऑक्सिजनची आक्रमक रूपं पेशीचं पटल, प्रथिनं, डीएनए, कशालाच सोडत नाहीत.

दुरुस्तीच्या वाटा पुष्कळ अभ्यासल्या गेल्या आहेत. अल्बर्ट केल्नर यांना १९४९ मध्ये दिसलं की यूव्हीने निकामी झालेले सूक्ष्मजीव साध्या उजेडात ठेवले तर पुन्हा वाढू लागतात. त्यामागे फोटोलायेज नावाचं विकर आहे. निळा प्रकाश वापरून ते चिकटलेले थायमिन सुटे करतं. अझीझ सँकार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल डीएनए दुरुस्तीच्या कामासाठी आणखी दोघांबरोबर मिळालं, त्यात याचाही अभ्यास आहे. दुसऱ्या वाटेत खराब भागासकट १२-१३ अक्षरांचा तुकडा कापून टाकतात आणि नवा भरतात. आणि नुकसान फारच झालं तर 'एसओएस' प्रतिसाद सुरू होतो: रेकए प्रथिनाला तुटका डीएनए सापडतो, लेक्सए हा दाबून ठेवणारा रेणू फुटतो आणि दुरुस्तीची चाळीसेक जनुकं जागी होतात.

आता माझा मुद्दा. या तिन्ही वाटा एकेकट्या पेशीच्या आहेत आणि तिन्ही घाव बसल्यानंतरच्या आहेत. रासायनिक संदेशांचं काम बहुतेक घाव बसायच्या आधी होतं.

१९७० मध्ये केनेथ नील्सन आणि वुडलँड हेस्टिंग्ज व्हिब्रिओ फिशेरी या प्रकाशमान सागरी जिवाणूवर काम करत होते. संख्या कमी असेपर्यंत तो अंधारात राहतो, दाटी झाली की उजळतो, कारण प्रत्येक पेशी एक छोटा रेणू बाहेर सोडत असते आणि तो ठरावीक पातळीवर साठला की सगळ्यांची जनुकं एकदम चालू होतात. १९९४ पासून याला क्वोरम सेन्सिंग, म्हणजे गणसंख्येची चाहूल घेणं, म्हणतात. असे रेणू अनेक प्रकारचे: काहींचे एएचएल (असाइल होमोसेरीन लॅक्टोन: एक वलय आणि त्याला जोडलेलं कार्बनचं शेपूट), काहींचे लहान पेप्टाइड, काहींची मेदाम्लं.

स्यूडोमोनस एरुजिनोसा या जिवाणूत १९९९ मध्ये दिसलं की हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज आणि सुपरऑक्साइड निकामी करणारं विकर, दोन्हींवर क्वोरम सेन्सिंगचा ताबा आहे. पुढे अर्जेंटिनातल्या संशोधकांनी त्याच जिवाणूवर यूव्ही-ए सोडलं. संदेश तयार करू न शकणारे वाण जास्त मेले आणि त्यांच्यात कॅटालेजही कमी होतं. म्हणजे ऊन लागायच्या आधी शेजाऱ्यांची चाहूल लागलेली असेल, तर पेशी उन्हाला तयार असते.

मला हे विलक्षण वाटतं. तुम्हाला काय वाटतं, आपापल्या भागात काय दिसतं, जरूर लिहा.

डिचोलीची माई

बाय, छान लिहिलं आहेस. एक विचारते. आमच्या घरी नळाला यूव्हीचं फिल्टर लावलं आहे. पावसात आमच्याकडे पाणी गढूळ येतं. हे जिवाणू एकमेकांना सांगून तयार राहत असतील, तर त्या दिव्यातूनही वाचतील काय?

मांडवीकाठ

माई, नाही. फिल्टरच्या दिव्याच्या किरणांची तरंगलांबी २५४ नॅनोमीटर, म्हणजे यूव्ही-सी, आणि डीएनए जिथे सगळ्यात जास्त शोषतो त्या २६० च्या अगदी जवळ. पाणी काही सेकंदांत त्याच्यापुढून जातं. चांगल्या यंत्रात दर चौरस सेंटिमीटरला ४० मिलिज्यूलच्या आसपास मात्रा मिळते. एवढ्या वेळात संदेश ऐकून नवीन विकर बनवायला जिवाणूला सवडच नाही, आणि कॅटालेज असलं तरी थेट डीएनएवर बसणारा घाव ते अडवू शकत नाही.

तुम्ही गढूळ पाण्याचं म्हणालात, खरी काळजी ती. मातीच्या कणाआड लपलेल्या जिवाणूपर्यंत किरण पोहोचत नाहीत. म्हणून दिव्याच्या आधीची गाळणी, कँडल, वेळेवर बदलायला हवी. दिव्याची काचनळीसुद्धा पुसावी लागते. आणि शुद्ध झालेलं पाणी पारदर्शक बाटलीत भरून खिडकीत ठेवू नका. वर सांगितलेलं फोटोलायेज उजेडातच काम करतं. अर्धमेले राहिलेले जिवाणू तिथे सावरू शकतात. स्टीलच्या किंवा तांब्याच्या झाकणाच्या भांड्यात ठेवा.

सूक्ष्मदर्शी

धागा आवडला, पण एक शंका आहे आणि ती मूळ मुद्द्यालाच हात घालते. दाटी असली की जिवाणू जास्त जगतात, यात संदेशाची गरज काय? वरचे जिवाणू खालच्यांना सावली देतात. हजार पेशी मिळून पेरॉक्साइड मोडतात तेव्हा एकेकीच्या वाट्याला कमी येतं. हे सगळं केवळ संख्येमुळे होऊ शकतं. संदेशाचा परिणाम वेगळा कसा काढला?

मांडवीकाठ

फार योग्य प्रश्न. या विषयातली अर्धी मेहनत यातच जाते.

उपाय असा की संख्या सारखी ठेवायची आणि फक्त संदेश काढून घ्यायचा. संदेश बनवणारं जनुक बिघडवलेला वाण आणि मूळ वाण, दोन्ही सारख्या दाटीने वाढवायचे आणि सारखंच ऊन द्यायचं. फरक दिसला तर तो निव्वळ सावलीचा नाही. तरी एक पळवाट उरते: जनुक बिघडवताना पेशीचं आणखी काही बिघडलं असेल तर? म्हणून तिसरी पायरी. तो रेणू बाहेरून परत द्यायचा. पेशीने स्वतः तो बनवलेला नाही, तरी तिचं वागणं मूळपदाला आलं, तर कारण संदेशच.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला झँथोमोनस कँपेस्ट्रिस या जिवाणूत सापडतं. कोबी, फ्लॉवरवर काळी कुज आणणारा हा. त्याच्या वसाहती पिवळ्या असतात, कारण त्यात झँथोमोनाडिन हे रंगद्रव्य असतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत त्याचे असे वाण मिळाले की ज्यांचं एकच जनुक बिघडलं होतं, पिगबी. ते पांढरट होते आणि त्यांचा चिकट बहुशर्करेचा थरही कमी होता. पण त्यांना मूळ वाणाच्या शेजारी वाढवलं की ते पिवळे होऊ लागले! मूळ वाणातून झिरपून आलेला एक रेणू त्यांना पुरेसा होता. त्या रेणूची ओळख २०११ मध्ये पटली: ३-हायड्रॉक्सिबेंझोइक आम्ल.

पांढऱ्या वसाहती आपल्या शेजाऱ्याच्या बाजूने पिवळ्या होत जातात, यात संख्या बदललेली नाही, सावली बदललेली नाही. बदलला तो फक्त निरोप. आणि हेच रंगद्रव्य प्रकाशाच्या माऱ्यापासून वाचवतं. १९९७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भातावरच्या झँथोमोनसमध्ये ते दाखवून दिलं. हे काम आपल्या देशात झालं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

सूक्ष्मदर्शी

बाहेरून रेणू देऊन परत आणणं, हे पटलं. पण पुढची अडचण: प्रयोगशाळेत ठीक, समुद्रात तो रेणू टिकेल का? पाणी वाहतं, रेणू विरतो.

मांडवीकाठ

विरतो, आणि एएचएलच्या बाबतीत त्याहून वाईट होतं. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ च्या आसपास, म्हणजे किंचित अल्कधर्मी. त्यात एएचएलचं लॅक्टोन वलय उघडतं आणि रेणू मुका होतो. शेपूट आखूड असेल तर लवकर, लांब असेल तर थोडं उशिरा. म्हणून मोकळ्या पाण्यात तरंगणाऱ्या एकट्या जिवाणूला या संदेशांचा उपयोग फारसा नसावा, असं माझं मत. जिथे ते चिकटून राहतात, म्हणजे खडकावर, होडीच्या तळाला, कांदळवनाच्या मुळांवर, पाण्यात तरंगणाऱ्या सेंद्रिय कणांवर, तिथे दोन पेशींमधलं अंतर एखाद्या मायक्रोमीटरचं. तिथे रेणू विरायच्या आधी पोहोचतो. दोना पावलाच्या एनआयओ या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत जहाजांच्या तळाला चिकटणाऱ्या थरांवर वर्षानुवर्षं काम झालं आहे. आपल्याकडे या विषयाला भरपूर वाव आहे.

कमी मात्रेतल्या यूव्ही-ए ने स्यूडोमोनस जास्त थर धरतो, असंही दिसलं आहे. थोडं ऊन लागलं की थर जाड होतो, आणि थर जाड झाला की संदेश दाट होतात.

खाजनकार

ताई, भाताचं नाव आलं म्हणून लिहितो. आमचं शेत तिसवाडीत, थोडं खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन), थोडं खेर (त्याहून वरची रेताड जमीन). सरदीच्या, म्हणजे पावसाळी, भाताला पाऊस-ऊन, पाऊस-ऊन असं झालं की पातीच्या कडा शेंड्याकडून पिवळ्या पडून वाळत येतात. सकाळी पातीवर पिवळसर थेंब दिसतात, नंतर सुकून त्यांचे खडे होतात. आम्ही करपा म्हणतो. तुमचा हा पिवळा जिवाणू तोच काय?

मांडवीकाठ

दादा, वर्णन तर अगदी जिवाणूजन्य करप्याचं आहे. तो झँथोमोनस ओरायझी, कोबीवरच्या जिवाणूचा भाऊबंद. खात्री करायची सोपी रीत आहे: रोगट पातीचा ताजा तुकडा, जिथे हिरवं आणि पिवळं भेटतं तिथला, कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा. कापलेल्या टोकातून दुधाळ धार खाली उतरताना दिसली तर जिवाणू. बुरशीच्या करप्यात ती दिसत नाही.

तुम्ही सांगितलेले ते पिवळसर थेंब म्हणजे जिवाणूच, त्यांच्याच चिकट बहुशर्करेत गुंडाळलेले. रंग झँथोमोनाडिनचा. ऊन आणि कोरडेपणा दोन्हींत तग धरायची ही त्यांची सोय. पाऊस आला की तेच खडे विरघळून वाऱ्याबरोबर शेजारच्या पातीवर जातात.

खाजनकार

समजलं. म्हणजे ऊन पडायच्या आधीच त्यांनी रंग आणि चिकटा करून ठेवलेला असतो. आम्ही मानशीची (खाजनात पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराची) फळी आणि बांध पावसाच्या आधी बघून घेतो तसं. बांध फुटल्यावर माती टाकून उपयोग नसतो.

मांडवीकाठ

अगदी तेच. मी एवढं लांबवून जे सांगितलं ते तुम्ही एका वाक्यात मांडलंत.

काणकोणकर

वाचतोय, छान चाललं आहे. दोन प्रश्न. पावसाळ्यानंतर चिऱ्यांच्या गडग्यावर जो काळा थर उन्हातही टिकून राहतो, तो असाच संदेशांनी? आणि कधीतरी रात्री लाटा निळ्या चमकतात, ते व्हिब्रिओ काय?

मांडवीकाठ

काळा थर बहुतांशी नील-हरित जिवाणूंचा, सायनोबॅक्टेरियाचा. त्यांच्यातल्या अनेकांच्या बाहेरच्या आवरणात सायटोनेमिन असतं, यूव्ही-ए शोषणारं तपकिरी रंगद्रव्य. ते बनवायला मुख्यतः यूव्ही-ए च त्यांना जागं करतं. शेजाऱ्याच्या संदेशाची गोष्ट इथे मी जोडणार नाही.

लाटा चमकतात त्या नॉक्टिल्युकासारख्या एकपेशीय जीवांमुळे. ते जिवाणू नव्हेत. लाटेचा धक्का बसला की चमकतात. त्यात गणसंख्येचा काही संबंध नाही.

पर्वरीची विद्यार्थिनी

नमस्कार मॅडम. मी एमएस्सीला आहे. मला या विषयाची दुसरी बाजू लिहावीशी वाटते. संदेश फक्त जिवाणूच ऐकतात असं नाही.

अनेक जिवाणूंच्या डीएनएत विषाणू, म्हणजे फाज, झोपून असतो. आंद्रे ल्वॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दाखवलं की यूव्ही दिलं की तो जागा होतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. कारण एसओएस. रेकए जसं लेक्सएला फोडायला लावतं, तसंच लॅम्डा फाजला झोपवून ठेवणाऱ्या प्रथिनालाही. म्हणजे जिवाणूची मदतीची हाक फाजलाही ऐकू जाते.

आणि २०१९ मध्ये जस्टिन सिल्पे आणि बॉनी बॅस्लर यांनी प्रिन्स्टनमध्ये आणखी पुढचं दाखवलं. व्हीपी८८२ नावाच्या फाजकडे व्हिब्रिओचा क्वोरमचा रेणू ओळखणारं स्वतःचं प्रथिन आहे. दाटी झाल्याचा संदेश मिळाला की तो पेशी फोडायचं ठरवतो, कारण बाहेर पुढच्या पेशी भरपूर आहेत. ज्या दाटीमुळे जिवाणू उन्हापासून वाचतो, त्याच दाटीची खबर त्याच्या शत्रूला जाते. मॅडम, मला वाटतं म्हणूनच प्रत्येक जातीने आपला रेणू थोडा वेगळा ठेवला असेल.

मांडवीकाठ

फार छान भर घातलीस. तुझा शेवटचा तर्क तपासून बघण्यासारखा आहे. संदेशांच्या विविधतेची इतरही कारणं सांगितली जातात, पण ऐकणाऱ्या शत्रूचा दबाव त्यात असणार असं मलाही वाटतं. आणि एसओएस विषयी तू लिहिलंस ते मी वर लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. वाचणाऱ्यांनी तो परिच्छेद मूळ लेखाला जोडूनच वाचावा.

सूक्ष्मदर्शी

मग संदेशच तोडले तर? औषधाने जिवाणू न मारता फक्त त्यांचं बोलणं बंद केलं, आणि पुढचं काम उन्हावर सोडलं?

मांडवीकाठ

या दिशेने खरंच काम चालू आहे. डेलिसिया पुल्क्रा ही ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरची लाल शेवाळ. तिच्या अंगावर जिवाणूंचा थर सहसा बसत नाही, कारण ती फ्युरॅनोन बनवते आणि ते एएचएल ओळखणाऱ्या प्रथिनाला गोंधळात टाकतात. बॅसिलस जिवाणूत एआयआयए हे विकर सापडलं आहे, ते एएचएलचं वलयच फोडतं. शेतात किंवा पाण्याच्या टाकीत हे उन्हाच्या जोडीने वापरायचं, हा विचार तर्काला धरून आहे.

पण मला एक धोका दिसतो. पातीवर, मातीत, मुळाशी शेकडो जाती एकत्र असतात आणि त्यांतल्या कितीतरी पिकाच्या उपयोगाच्या. त्यांचेही संदेश तेच एएचएल. करप्याचा झँथोमोनस तर एएचएलवर चालतच नाही, त्याचे संदेश मेदाम्लाचे आणि वर सांगितलेल्या आम्लाचे. एएचएल तोडणारं काही फवारलं तर मित्र मुके होतील आणि करपा बोलतच राहील. कुठला जिवाणू कुठल्या रेणूवर चालतो हे माहीत झाल्याशिवाय यात हात घालू नये.

डिचोलीची माई

सगळं समजलं नाही, पण बाटली खिडकीतून काढली.

खाजनकार

ताई, शेवटचं विचारतो. तो पांढरा वाण, ज्याला रंग नाही आणि चिकटा कमी, तो शेतात मरतो काय? की प्रयोगशाळेतच?

मांडवीकाठ

कोबीवर्गातल्या भाजीवर हे करून बघितलं आहे. पिगबी बिघडलेला वाण पानाच्या पृष्ठभागावर कमी टिकला. पानाच्या कडेला पाणी बाहेर टाकणारी जी नैसर्गिक छिद्रं असतात, त्यांतून आत शिरायलाही कमी पडला. पण त्याला जखमेतून थेट आत घातलं तर रोग मूळ वाणाइतकाच झाला. आत गेल्यावर ऊन नाही, वाळणं नाही, मग रंगाची आणि त्या संदेशाची गरजही तितकी उरत नसावी.

तुमच्या भातावरचा जिवाणूही याच दोन वाटांनी आत जातो, कडेची छिद्रं आणि जखमा. लावणीच्या वेळी तरव्याचे, म्हणजे भाताच्या रोपांचे, शेंडे कापायची रीत काही ठिकाणी आहे. तिथे करपा जास्त पसरतो.

खाजनकार

आमच्याकडे तरवा उंच झाला की शेंडे कापतात. सगळे कापतात. या सरदीला एका कुणग्यात, शेताच्या एका तुकड्यात, न कापता लावतो. आणि युरिया?

मांडवीकाठ

नत्र एकदम देऊ नका, हप्त्यांनी द्या. पाती लुसलुशीत झाली की करपा वाढतो. बांधावरचा जुना रोगट पेंढा, आपोआप उगवलेला भात काढून टाका. रोग दिसू लागला तर त्या कुणग्यातलं पाणी दुसऱ्यात सोडू नका. आणि पाती प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच दिवशी जुन्या गोव्यातल्या किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात दाखवा. ग्लासातली धार आधी घरी बघून घ्या आणि काय दिसलं ते इथे लिहा.